शेवटच्या बाकापर्यंत काय पोचतं

मारुंजीतली खोली सोडून मी घरी परतले त्या संध्याकाळी आईने शेंगोळी केली होती. हुलग्याचा आणि लसणाचा वास अंगणातच आला, आणि मला वाटलं, आता कुणी काही विचारू नये, फक्त ताट वाढावं. कुणी काही विचारलंही नाही. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग उचलून कॉटखाली सरकवली आणि म्हणाले, "बस, गरम हाय तवर खा." बी.एस्सी. झाल्यावर मी आणखी दोन मुलींबरोबर मारुंजीत राहत होते. सकाळी इस्त्रीचा ड्रेस घालून हिंजवडीत मुलाखतीला जायचं, काचेच्या थंड खोलीत इंग्रजीत अडखळायचं, "आम्ही कळवू" ऐकून परत यायचं. कुणी कळवत नसे. शेवटी मीच स्वतःला कळवून टाकलं आणि कासार आंबोलीला घरी आले.

आमचं घर पौड रस्त्यापासून जरा आत, बौद्ध वस्तीत, विहाराच्या मागच्या अंगाला. पुढे भाताची खाचरं आणि त्यांच्या पलीकडे पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले. भात झोडून झालेला होता, पेंढ्याच्या गंजी लागल्या होत्या. वस्तीतलं सर्वात गलबल्याचं घर आमचंच. आण्णा टीव्ही लावायचे तो असा की विहाराच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनाही बातम्या कळाव्यात. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची ती शेजारची कोंबडी दचकेल अशी. मारुंजीत माझ्या खोलीतल्या मुली मला सारख्या म्हणायच्या, "सुजाता, हळू बोल ना, आम्ही इथेच आहोत." तेव्हा मला वाटायचं, आम्ही गावाकडचे, आमचा गळाच मोठा. घरातला आवाज ही आमची रीत आहे, एवढंच मला ठाऊक होतं.

आण्णा उरवड्याला एका कारखान्यात प्रेसवर होते. पत्रा दाबून त्याचे भाग काढायचं काम. मी जन्मले तेव्हापासून ते त्याच खात्यात. पाळीवरून आले की हातपाय धुऊन चहाचा कप घेऊन ओट्यावर बसायचे आणि समोरच्याकडे टक लावून बघत ऐकायचे. लोकांना ते फार आवडायचं. "आण्णा कसं मन लावून ऐकतोय बघा," असं म्हणायचे. आण्णा सगळ्याला मान हलवायचे, हसायचे, आणि बोलणं लांबलं की उठून गोठ्याकडे जायचे. गोठ्यात तेव्हा जनावर नव्हतं.

मी घरी येऊन थोडे दिवस झाले असतील. एका दुपारी शाळेच्या मोठ्या बाई आमच्याकडे आल्या. मला त्यांनीच शिकवलेलं. विज्ञानाचे सर गाडीवरून पडून पाय मोडून घरी बसलेले, आणि विज्ञान प्रदर्शन तोंडावर आलेलं. "तू फिजिक्सवाली आहेस. मोकळीच आहेस," त्या म्हणाल्या. 'मोकळीच' हा शब्द मला लागला, पण त्यांनी तो वाईट मनाने वापरला नव्हता. "पोरांकडून चार चांगली मॉडेल करून घे. या वेळी उरवड्याच्या कंपनीचे साहेब येणार आहेत. त्यांनी आपल्याला बाक दिले, मुलींचं स्वच्छतागृह बांधून दिलं. त्यांच्यापुढे थर्माकोलचं धरण ठेवायला लाज वाटते गं." आई आतून ओरडली, "जाईल ती! घरात बसून भिंती बघती नुसती!"

आणि मी गेले. थर्माकोलचं धरण मात्र चुकलं नाही. खरं धरण एवढ्या जवळ असून आमच्या पोरांना दरवर्षी थर्माकोलचंच हवं असे. शिवाय खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी झाला, पवनचक्की झाली, रेल्वेच्या फाटकाचा भोंगा झाला. मुलांच्या बोटांना फेव्हिकॉल, माझ्या केसांत थर्माकोलचे दाणे, आणि मधल्या सुट्टीत खिचडीचा टोप आला की सगळे शास्त्रज्ञ पसार. आज पस्तिशी ओलांडून मागे बघताना कळतं की त्या खोलीत मला पहिल्यांदा कुणी 'ताई, हे असं का होतं?' असं विचारलं, आणि उत्तर माहीत नसताना मला घाम फुटला नाही. तिथे मीही पोरांबरोबर शोधायला बसत असे.

नववीतली एक जोडी शिल्लक राहिली. ओंकार हा वर्गातला हुशार मुलगा, पण कुणाचं न ऐकणारा, म्हणून त्याच्याबरोबर कुणी तयार नव्हतं. आणि रोशनी, डोंगरातल्या वाडीवरून चालत येणारी. तिच्या घरचे कधी जंगलात करवंदं, मध गोळा करत, कधी भाताच्या लावणीला, कधी बंगल्यांच्या बांधकामावर जात. घरात त्यांची वेगळी बोली. ती वर्गात तोंड उघडत नसे. मोठ्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोरगी गुणी आहे, पण जरा मंद आहे. तिला तक्ता धरून उभी कर. बोलू दे ओंकारला."

मी दोघांना व्हरांड्यात बसवून विचारलं, "तुम्हाला काय शोधायला आवडेल?" ओंकार लगेच रॉकेट म्हणाला. रोशनी माझ्या ओठांकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती खाली बघून म्हणाली, "ताई, वर्गात बाईचं बोलनं मागं का पोचत न्हाई?"

"म्हणजे?"

"मी खिडकीजवळ बसते, शेवटच्या बाकावर. रस्त्यानं डंपर जातो, टेम्पो जातो. बाईचं तोंड हालतं, पन शब्द येत न्हाई. मंग मी तोंड बघून वळकते. कवा कवा चुकतं."

ओंकार हसला. "हॅ! मागं बसून झोपा काढायच्या, आन म्हनं पोचत न्हाई."

"बघायचं का आपण?" मी म्हणाले. "हेच तुमचं प्रोजेक्ट."

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवून ओंकारला फळ्यापाशी उभं केलं. त्याने रोजच्या आवाजात धड्यातले शब्द वाचायचे आणि प्रत्येकाने जे ऐकू आलं ते कागदावर लिहायचं. पुढच्या बाकांवरचे कागद जवळजवळ बरोबर होते. मधल्यांवर गमती सुरू झाल्या. शेवटच्या बाकांवर तर 'वाफ'चा वाघ झाला होता, 'बाष्प'चा बाप झाला होता आणि 'वनस्पती'चा बृहस्पती. वर्ग हसून लोळायला लागला. मग मी रोशनीला पहिल्या बाकावर बसवलं, वाचायला दुसऱ्या मुलीला उभं केलं, आणि ओंकारला शेवटच्या बाकावर पाठवलं. रोशनीचा एकही शब्द चुकला नाही. ओंकार कान टवकारून पुढे झुकून बसला होता. रस्त्यावरून खडीचा डंपर गेला आणि तो ओरडला, "आयला, हितं तर काईच येत न्हाई!" मग त्याने रोशनीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. त्यानंतर तो तिला कधी हसला नाही. उलट प्रोजेक्टचा सगळा ताबाच त्याने घेतला. कुठून कुठून पुठ्ठे आणले, बाकांचा नकाशा काढला, आणि कुणी रोशनीला मंद म्हटलं की अंगावर धावून जाऊ लागला.

ओंकारनेच पुढचं डोक्यात घेतलं. खोली सारखी असली तरी कान सगळ्यांचे सारखे असतात का? माझ्या मोबाइलवर आम्ही शिट्ट्यांचे आवाज उतरवून घेतले, जाड्या आवाजापासून अगदी बारीक आवाजापर्यंत. ऐकू आला की बोट वर करायचं, एवढंच. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर विहारात शांत असतं, म्हणून आम्ही तिथे बसलो. म्हाताऱ्या बायकांची रांग लागली. त्यांना बारीक शिट्ट्या ऐकू येईनात आणि पोरांना येत. "माज्या सुनेचं बोलनं बी मला असंच येत न्हाई, लई बरं हाय," असं एक आजी म्हणाल्या. उरवड्याच्या कारखान्यातले काही जण रविवारचे घरी होते, तेही हौसेने बसले. ते काही म्हातारे नव्हते, तरी त्यांची बोटं आजींसारखीच खाली राहिली. ओंकार माझ्याकडे बघू लागला. मी कागदावर त्यांच्या नावांपुढे 'कारखाना, यंत्रांचा आवाज' असं लिहिलं.

जेवायच्या वेळी दोघांना मी घरी आणलं. आईने नाचणीच्या भाकरी आणि सुकटीची चटणी केली होती, सोबत वालाच्या शेंगांची भाजी. रोशनी इतकी मन लावून जेवली की आई तिच्या ताटात न विचारता भाकरी टाकत राहिली. आण्णा खुशीत होते. मी मारुंजीहून आल्यापासून पहिल्यांदा हसताना दिसले म्हणून असेल. जेवण झाल्यावर तेच म्हणाले, "माजं बी बघा की! मी का सोडू?"

ते खुर्चीत बसले. रोशनी मोबाइल घेऊन समोर बसली. ती पडद्यावर अंगठा ठेवी, शिट्टी वाजे, आण्णांचं बोट वर जाई. पुढची शिट्टी, पुन्हा बोट वर. बारीक, त्याहून बारीक, तरी बोट वर. "वा काका!" ओंकार ओरडला. "तुमचा कान तर माज्यापेक्षा भारी!" आण्णा हसले. रोशनी मात्र हसत नव्हती. तिने एकदा अंगठा नुसताच पडद्यावर टेकवला. शिट्टी वाजलीच नाही. आण्णांचं बोट वर गेलं.

ती उठून माझ्या कानाशी आली. "ताई, काका माझ्या अंगठ्याकडं बघतात," ती हळूच म्हणाली. "मी बी असंच करते."

मग ती आण्णांच्या मागे जाऊन उभी राहिली. आवाज तिने मोठा केला, इतका की चुलीपाशी असलेली आईसुद्धा वळून बघू लागली. शिट्टी खोलीभर वाजत होती. आण्णा समोरच्या भिंतीकडे बघत, हात मांडीवर ठेवून, शांत बसून होते. वाट बघत होते ते. चेहऱ्यावर अजून मघाचंच हसू होतं. मग त्यांना आमचे चेहरे दिसले, आणि ते हसू गेलं.

"बंद कर गं," आई म्हणाली. ते एवढं हळू होतं की आईचा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. आईला ठाऊक होतं. किती तरी वर्षं ठाऊक होतं, आणि ती त्यासाठीच घसा ताणून ओरडत आली होती, घरात कुणाला काही वेगळं वाटू नये म्हणून.

आण्णा उठले. "ह्ये कुटं लिहायचं न्हाई," ते मला म्हणाले. "कुणाला सांगायचं न्हाई. बहिरा मानूस प्रेसवर ठेवत न्हाईत. कळलं का?" मी मान हलवली. ते चप्पल घालत होते तेव्हा रोशनी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली, अगदी समोर, त्यांना तिचं तोंड दिसेल अशी. "काका, मला बी मागं ऐकायला येत न्हवतं. समदी मला मंद म्हनायची. ताईनी पुढं बसवलं." आण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर निघून गेले. तिचं बोलणं त्यांना पोचलं की नाही, मला सांगता आलं नसतं.

सोमवारी मी मोठ्या बाईंना कामगारांच्या कानांचं सांगितलं. आण्णांचं नाही, बाकीच्यांचं. बाई टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागल्या. "सुजाता, तू म्हणतेस ते खरं असेल. पण तेच साहेब उद्घाटनाला येणार, आणि आपण त्यांच्याच तोंडावर हे ठेवायचं? पुढच्या वर्षी मला दोन खोल्यांवर पत्रे घालायचेत. बाकांचं ठेव, ते छान आहे. कारखान्याचं काढून टाक." मला राग आला नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या त्या खोल्यांत मीही शिकले होते. आणि खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. आण्णांचा शब्दही राहत होता. ओंकार मात्र तक्त्याचा तो भाग कापताना कात्री आपटत होता. घरी आण्णा माझ्याशी नेहमीसारखे वागत होते, फक्त टीव्ही लावत नव्हते. तो बंद टीव्ही मला सहन होत नसे.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानात मांडव होता, पताका होत्या, वडापावचा गाडा होता. आई आली होती, आणि रात्रपाळी करून न झोपता आण्णाही आले होते, धुवट पांढरा शर्ट घालून. साहेब वयस्कर होते, मऊ बोलणारे. ज्वालामुखीपाशी त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या टेबलापाशी आल्यावर ओंकारने धडाधड सांगायला सुरुवात केली, पण मध्येच थांबला आणि म्हणाला, "पुढचं ही सांगंल. शोध हिचा हाय." रोशनीने सांगितलं. अडखळत, पण सांगितलं. साहेबांनी 'वनस्पती'च्या बृहस्पतीवर मनापासून हसून विचारलं, "छान! मग तुम्ही फक्त शाळेतच तपासलं का? बाहेर कुणाचं?"

रोशनीने माझ्याकडे पाहिलं. ओंकारने माझ्याकडे पाहिलं. मोठ्या बाई पदराशी चाळा करू लागल्या. मी तक्त्याच्या कापलेल्या कडेकडे बघू लागले.

तेवढ्यात गर्दीतून आण्णा पुढे आले. साहेब काय म्हणाले ते त्यांना ऐकू आलं नसणार, पण आम्हा चौघांचे चेहरे असे का झाले हे ओळखायला त्यांना कानांची गरज नव्हती. टेबलाजवळची खुर्ची त्यांनी ओढली आणि रोशनीकडे पाठ करून बसले. "लाव पोरी," ते म्हणाले.

रोशनीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने शिट्टी लावली. मांडवातला गलबला हळूहळू थांबला. शिट्टी वाजत राहिली, पहिल्या रांगेतली लहान पोरं कानांवर हात ठेवू लागली, आणि आण्णा मांडीवर हात ठेवून बसून होते. मग त्यांनी मागे वळून विचारलं, "वाजली का?"

"वाजली काका," रोशनी म्हणाली.

आण्णा उठून साहेबांसमोर उभे राहिले. "साहेब, मी तुमच्याच कारखान्यात प्रेसला हाय. माज्यासारखे लई हायेत तितं, पन बोलत न्हाईत, मी बी बोललो नसतो. परवा क्रेनवाला मला वरडला, 'बाजूला व्हा' म्हणून. मला कळलंच न्हाई. बाजूच्यानं ओढलं म्हणून हितं उभा हाय." आई माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट घट्ट धरलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

साहेब आण्णांच्या अगदी समोर झाले आणि सावकाश म्हणाले, "उद्या मला ऑफिसात भेटा. मी बघतो."

त्यांनी पाहिलं, असं म्हणायला हवं. कारखान्यात तपासणीची गाडी आली, कानांत घालायचे बोळे सक्तीचे झाले, आण्णांना स्टोअरमध्ये बदललं. पण ओव्हरटाइम गेला, आणि तपासणीनंतर बदली झालेल्या आणखीही काही जणांचा गेला. त्यातला एक जण, ज्याच्या घरी आम्ही लहानपणी खेळायला जायचो, पुढे कित्येक महिने आण्णांशी बोलला नाही. "पोरीच्या शाळेपायी आमच्या पोटावर पाय दिला," असं तो चौकात म्हणायचा. त्याचंही मला खोटं वाटत नाही. बक्षीस रेल्वे फाटकाच्या भोंग्याला मिळालं. नववीचा वर्ग मोठ्या बाईंनी रस्त्यापासून लांबच्या खोलीत नेला, आणि खोल्यांवर पत्रेही पडले. रोशनी दहावी झाली, बारावी झाली, आणि आता तिच्याच वाडीवरच्या अंगणवाडीत लहान मुलांना शिकवते, घरच्या बोलीतून सुरुवात करून. मी त्या वर्षी बी.एड.ला गेले. हिंजवडीला पुन्हा मुलाखतीला गेले नाही, आणि त्याची खंतही कधी वाटली नाही.

पण मला हे प्रकरण त्या संध्याकाळी संपवायचं आहे. मांडव उतरत होता. आई शेजारणीबरोबर पुढे निघून गेली होती. आण्णा आणि मी खाचरांच्या बांधावरून घरी येत होतो. मी त्यांच्या मागे चालत होते, मन भरून आलं होतं, आणि मी त्यांच्या पाठीकडे बघून म्हणाले, "आण्णा, मला तुमचा अभिमान वाटला."

ते काही पावलं तसेच चालले. मग थांबले. वळले. इतक्या वर्षांत त्यांनी अशा वेळी फक्त मान हलवलेली मी पाहिली होती.

"सुजे, काय तरी बोललीस तू," ते म्हणाले. "मला ऐकायला आलं न्हाई. परत सांग."

मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि परत सांगितलं.